ओव्हरस्प्रे: गॅरेजमधून आलेली गाडी धुतल्यावर पुन्हा खरखरीत का लागते?

डाव्या दाराला कुणीतरी घासून गेलं म्हणून गाडी डेंटिंग-पेंटिंगला दिली. दार छान झालं, रंगही जुळला. पण घरी आल्यावर गाडी धुताना बॉनेटवरून हात फिरवला तर बारीक रवा सांडल्यासारखं लागतं. वायपर काचेवर करकरतो. गॅरेजवाल्याला दाखवलं की तो म्हणतो, “काही नाही साहेब, बफिंग मारून देतो.” बफिंग होतं, गाडी चकाचक होऊन येते आणि दोन-तीन वेळा धुतली की तोच खरखरीतपणा परत. मग पुन्हा गॅरेज, पुन्हा बफिंग.

हा फेरा इथेच थांबवा. ही खरखर म्हणजे ओव्हरस्प्रे: दार रंगवताना हवेत उडून बाकी गाडीवर बसलेले रंगाचे बारीक थेंब. नुसत्या ओव्हरस्प्रेने गाडीचं फारसं बिघडत नाही, कारण तो मूळ रंगाच्या वर बसलेला असतो. तो काढायच्या नादात मूळ रंगाचा वरचा थर झिजतो, आणि तो थर परत आणता येत नाही. घाई केली नाही तर बहुतेक गाड्यांवरचा ओव्हरस्प्रे घरी, काही शे रुपयांच्या सामानात, रंगाला धक्का न लावता निघतो.

बफिंगनंतर तो परत का येतो

कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉनचा थर असतो. त्यातला सगळ्यात वरचा, चमक देणारा आणि उन्हापासून खालचा रंग वाचवणारा क्लिअर कोट असतो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केससुद्धा याहून जाड असतो. या क्लिअर कोटवर ओव्हरस्प्रेचे ठिपके चिकटून बसलेले असतात.

गॅरेजमध्ये लोकरीचं पॅड लावलेलं रोटरी मशीन आणि रबिंग कंपाउंड घेऊन जेव्हा ‘बफिंग मारतात’, तेव्हा ठिपक्याचा माथा घासला जातो आणि ठिपक्यांमधल्या जागेतला चांगला क्लिअर कोटही घासला जातो. ठिपके बुटके होतात, पण मुळातून सुटत नाहीत. कंपाउंडमधलं तेल आणि वरून मारलेलं मेण मधल्या फटींत भरतं, म्हणून त्या दिवशी हात सुळकन घसरतो. शाम्पूने तेल-मेण धुऊन गेलं की खरखर पुन्हा हाताला लागते. प्रत्येक फेरीत क्लिअर कोट थोडा पातळ होत जातो. पॅनेलच्या कडा आणि बॉनेटवरच्या उंचवट्याच्या रेघा सगळ्यात आधी उघड्या पडतात, आणि तिथे मग पुन्हा रंग मारण्याशिवाय इलाज राहत नाही. एका दाराच्या दुरुस्तीपायी बॉनेट रंगवायची वेळ येते ती अशी.

खरखर परत येण्याचं आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. तुमची गाडी तयार होऊन गॅरेजात उभी असताना शेजारी दुसऱ्या गाडीवर फवारा चालू असतो. तो धुरळा तुमच्या गाडीवर बसतो. काम झालं असेल तर गाडी त्याच दिवशी उचला.

आधी खात्री करा की तो ओव्हरस्प्रेच आहे

गाडी धुऊन पुसून कोरडी करा. हातात साधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटांची टोकं अगदी हलक्या हाताने पॅनेलवरून फिरवा. उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून स्पष्ट कळतं. मग संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च पॅनेलला जवळजवळ समांतर धरून बघा. ओव्हरस्प्रे असेल तर बारीक, गोलसर, सारख्या आकाराचे ठिपके दिसतात. रंगवलेल्या भागाजवळ ते दाट असतात आणि लांब जाताना विरळ होतात. ही दाट-विरळ खूण सगळ्यात भरवशाची. पांढऱ्या गाडीवर पांढरा रंग उडाला असेल, किंवा नुसता क्लिअर उडाला असेल, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिथे पिशवीवरच विश्वास ठेवा.

आता ज्यांचा घोळ होतो त्या गोष्टी. ठाणे-डोंबिवलीकडे रुळांलगत गाडी उभी राहत असेल तर लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुततात. त्यांचे ठिपके तांबूस असतात, सगळ्या गाडीवर सारखे पसरलेले असतात, आणि आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे होऊन ओघळतात. ओव्हरस्प्रेवर तो काहीच करत नाही. बोअरच्या पाण्याचे डाग गोल, पांढरट कड असलेले असतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटचे शिंतोडे असू शकतात. ते अजिबात घासू नका, रंगावर ओरखडे पडतात. निम्मं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने भिजवून भिजवून मऊ करा आणि धुऊन टाका.

सोसायटीच्या रंगकामाचे शिंतोडे ही वेगळी जात. भिंतीचा पाण्यात कालवलेला रंग असेल तर कोमट शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर बराच वेळ ठेवलं की तो मऊ पडतो. ग्रिलला मारायचा ऑइल पेंट असेल तर पहिल्या काही दिवसांत रॉकेल किंवा टर्पेंटाइनने सुटतो, पुढे मात्र हट्टी होतो.

आणि खरखर नव्याने रंगवलेल्या दारावरच असेल, बाकी गाडी गुळगुळीत असेल, तर तो ओव्हरस्प्रे नाही. रंगाची स्प्रे गन फार लांब धरली, हवेचा दाब जास्त ठेवला किंवा उन्हाळ्यात लवकर उडणारा थिनर वापरला की थेंब पॅनेलवर पोचेपर्यंत अर्धे सुकतात आणि क्लिअर कोरडा, खडबडीत बसतो. हे पेंटरचं काम आहे आणि ते त्यानेच निस्तरायला हवं. तुम्ही त्याला हात लावू नका.

काचेवर आधी बघा

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात कमी लोक करतात ती पायरी हीच आहे. जो रंग बॉनेटवर उडाला, तोच बहुधा पुढच्या काचेवरही उडालेला असतो. काचेला रॉकेलने काही होत नाही, थिनरनेही नाही. म्हणून कोणता रंग कशाने सुटतो याची परीक्षा काचेवर घ्या, गाडीच्या रंगावर घेऊ नका.

काचेच्या मधोमध, रबर बीडिंगपासून लांब, ठिपके असलेली एक जागा निवडा. कापसाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून पिळा, थोडा वेळ ठेवा आणि पुसा. सुटलं नाही तर टार रिमूव्हर, म्हणजे डांबराचे डाग काढायचं द्रावण. तेही नाही तर थिनरचा ओला बोळा काही सेकंद. कापसावर रंग उतरला तर तो हार्डनर (रंग पक्का करणारं रसायन) न घातलेला रंग आहे. गॅरेजात याला एनसी किंवा १के म्हणतात. मेटॅलिक गाड्यांचा क्लिअरखालचा बेस कोटही याच स्वभावाचा. थिनरनेसुद्धा ठिपका हलला नाही तर तो हार्डनर घातलेला २के पीयू रंग किंवा क्लिअर आहे. तो रासायनिक रीतीने पक्का झालेला असतो, त्याला थिनर विरघळवू शकत नाही. मग बॉनेटवर थिनर चोळण्यात काही हशील नाही हे तुम्हाला गाडीला हात लावण्याआधीच कळलेलं असतं.

वेळेचाही संबंध आहे. २के रंग बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६० अंशांवर अर्धा तास भाजला तर लवकर पक्का होतो, पण हवेवर सुकणारा ओव्हरस्प्रे पूर्ण टणक व्हायला आठवडाभर लागू शकतो. पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आलं तर काम निम्म्या कष्टात होतं. त्यामुळे गाडी घरी आली त्याच संध्याकाळी पिशवी फिरवून बघा.

क्ले बार: खरं काम इथे होतं

क्ले म्हणजे लहान मुलांच्या मातीसारखा दिसणारा, आत अतिशय बारीक घासणारे कण असलेला गोळा. जपानच्या तादाओ कादाते यांना १९९०च्या दशकात अमेरिकेत याची पेटंटं मिळाली आणि तिथून तो जगभर गेला. तो पृष्ठभागावरून घसरतो आणि वर आलेला ठिपका कापून स्वतःत ओढून घेतो. सपाट क्लिअर कोटला तो जवळपास लागतच नाही. म्हणून ठिपका १के आहे की २के याने क्लेला फरक पडत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा ऑनलाइन थ्रीएम, मेग्वायर्स वगैरेंचा क्ले सहज मिळतो. ‘फाइन’ दर्जाचा घ्या. ‘मीडियम’ झपाट्याने काम करतो, पण मागे बारीक धूसरपणा ठेवतो आणि मग पॉलिश करावंच लागतं.

गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी भरपूर पाण्याने धूळ घालवा, मग शाम्पूने धुवा. काचेवरची परीक्षा रॉकेल किंवा टार रिमूव्हरवर पास झाली असेल तर आधी टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन फिरवा; बराचसा भार इथेच हलका होतो. त्यानंतर पुन्हा धुवा.

क्लेचा अर्धा गोळाच घ्या. अर्धा राखून ठेवा, कारण हातातला खाली पडला तर तो सरळ फेकून द्यायचा आहे. त्यात एक खडा अडकला तर अख्ख्या बॉनेटवर रेघा ओढेल. कितीही महागाचा असला तरी उचलून झटकून वापरू नका, कळकळीने सांगतोय. गोळा मळून तळहातावर मावेल अशी चपटी वडी करा. बादलीत गाडीचा शाम्पू घालून बुळबुळीत पाणी करा आणि ते स्प्रेच्या बाटलीत भरा. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, तो पाण्याने न्हाऊ घाला आणि वडी बोटांच्या टोकांनी अगदी कमी दाबाने, सरळ रेषेत पुढे-मागे न्या. गोल गोल फिरवू नका. सुरुवातीला वडी अडखळते आणि खरखर ऐकू येते. थोड्या वेळाने आवाज थांबतो, वडी पाण्यावरून वाहत जाते. तो चौकोन झाला. पुसा, पिशवी फिरवून तपासा, पुढचा घ्या. वडीवर रंग दिसू लागला की ती दुमडून स्वच्छ बाजू बाहेर काढा.

पाणी कमी पडू देऊ नका. क्लेने रंग खराब झाला अशा तक्रारी ऐकल्या की खोलात गेल्यावर बहुतेक वेळा कोरड्या पत्र्यावर जोर लावून घासलेलं असतं. जोर लावावासा वाटला तर समजा की वडी बदलायची किंवा आणखी पाणी मारायची वेळ झाली. दाट ओव्हरस्प्रे असेल तर एका दिवसात अख्खी गाडी करायचा अट्टहास नको. आज बॉनेट, पुढच्या रविवारी छत.

क्लेने मेण तर निघतंच, पण सिरॅमिक कोटिंग असेल तर तेही झिजतं. पीपीएफची (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक) फिल्म असेल तर फक्त फाइन क्ले, पिसासारखा हलका हात. मॅट फिनिशच्या गाडीवर क्ले लावू नका, तिथे घासल्याने चमकदार पट्टे पडतात जे जात नाहीत.

नव्याने रंगवलेल्या दारावर क्ले आणि मेण दोन्ही लगेच नको. पेंटरला विचारा रंग भाजला होता की हवेवर सुकवला. हवेवर सुकवला असेल तर मेण किंवा कोटिंगसाठी महिनाभर थांबलेलं बरं, कारण आत उरलेला थिनर बाहेर पडायला वाट हवी.

थिनर कुठे चालेल आणि कुठे नाही

गॅरेजचा दुसरा लाडका उपाय म्हणजे थिनरचं फडकं. कंपनीतला रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, त्याला थिनरचा ओझरता हात सोसतो. पण तीच गाडी पूर्वी कुठे रंगवली गेली असेल तर तिथला रंग फडक्याला चिकटून येऊ शकतो. जुनी गाडी घेतली असेल तर कोणतं पॅनेल कधी रंगवलंय हे मालकालाही ठाऊक नसतं. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्याचा रंग कमी तापमानाला भाजलेला असतो, तोही थिनरला तितका खमका नाही. त्यामुळे घरच्या घरी रंगावर थिनर वापरू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. टार रिमूव्हरपर्यंत ठीक आहे, तोही आधी कोपऱ्यात लावून बघून, लगेच धुऊन.

हेडलॅम्प पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यावर उन्हापासून वाचवणारा कडक लेप असतो. थिनर किंवा पेट्रोल लागलं की लेप धूसर होतो, काही वेळा आत जाळीसारख्या भेगा पडतात. तिथे फक्त क्ले आणि भरपूर शाम्पूचं पाणी. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या भिंगालाही हाच नियम. पार्किंग सेन्सरवर रंगाचा थर बसला तर ते चुकीचे इशारे देऊ लागतात, तेव्हा त्यांच्याकडे मुद्दाम बघा. चाकूने खरवडू नका. नंबरप्लेटवर थिनर लागू देऊ नका. उच्च सुरक्षा प्लेटची परावर्तक फिल्म आणि अक्षरांवरचा लेप त्याने उतरतो आणि नवी प्लेट मागवायची कटकट मागे लागते.

काचेचं मात्र सोपं. शाम्पूच्या पाण्याने काच ओली ठेवा, नवं ब्लेड घ्या, काचेशी साधारण तीस अंशांचा कोन ठेवून एकाच दिशेने ढकला. मागे ओढताना ब्लेड उचला. गंजलेलं किंवा टोक तुटलेलं ब्लेड वापरलं तर चरा पडतो. काचेला बाहेरून फिल्म असेल तर ब्लेड नको. वायपरचं रबर खडबडीत झालं असेल तर ते बदलून टाका. स्वच्छ केलेल्या काचेवर जुनं रबर पुन्हा करकरतं आणि माणूस काचेतच दोष शोधत बसतो.

खालची काळी खडबडीत प्लॅस्टिकची पट्टी हे सगळ्यात चिवट दुखणं आहे. तिच्या बारीक खळग्यांत रंग जाऊन बसतो आणि क्ले लावला तर क्लेचेच कण त्यात अडकतात. मऊ ब्रश आणि शाम्पूने सुरुवात करा. काचेवर रॉकेलने रंग सुटला असेल तर ब्रश रॉकेलमध्ये किंचित ओला करून, मागच्या बाजूला करून बघून, मग पुढे लावा आणि लगेच साबणाने धुवा. २के रंग असेल तर या पट्टीवर फार वेळ घालवू नका. ती सुटी मिळते, आणि तिचा खर्च गॅरेजकडून मागणं रास्त आहे.

एवढं करूनही ठिपके राहिले तर

मोठे, जाड थेंब क्लेला दाद देत नाहीत. तिथे २००० किंवा ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फक्त थेंबावर चालवायचा आणि मग पॉलिश करायचं. हे ज्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे अशा डिटेलिंगवाल्याकडूनच (गाडीची खास साफसफाई-पॉलिश करणाऱ्याकडूनच) करून घ्या. मीटर न लावता जो थेट मशीन सुरू करतो, त्याच्या हातात गाडी देऊ नका. क्लेनंतरचा धूसरपणा घालवायला ड्युअल अॅक्शन मशीन, फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश पुरतं.

गॅरेजशी बोलताना

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी घ्या, आणि पिशवी खिशात ठेवा. विम्याच्या कॅशलेस कामात शेवटी समाधान झाल्याच्या कागदावर सही मागतात. छत, काच आणि दुसऱ्या बाजूची दारं तपासल्याशिवाय ती सही करू नका. ठिपके सापडले तर तिथेच फोटो काढा, जॉब कार्डावर लिहून घ्या. “बफिंग नको, क्ले करून द्या, नाहीतर मी डिटेलिंगवाल्याकडून करून घेतो आणि बिल तुम्हाला देतो,” असं सरळ सांगा. बरेच गॅरेजवाले याला तयार होतात, कारण त्यांच्या माणसाचा वेळही वाचतो.

तयार झाले नाहीत तर ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. फोटो आणि जॉब कार्ड इथे कामी येतात.

पुढच्या वेळी गाडी देण्याआधी दोन प्रश्न विचारा. मास्किंग, म्हणजे न रंगवायचा भाग झाकायचं काम, कशाने करता? वर्तमानपत्राने म्हणाले तर थांबा. कागदाच्या जोडातून धुरळा आत जातो आणि थिनर झिरपून खालच्या रंगावर डाग पडतात; अख्ख्या गाडीवर प्लॅस्टिकची मास्किंग फिल्म टाकायला सांगा, त्याचे वेगळे पैसे मागितले तरी द्या. आणि दाराचं हँडल, आरसा, बीडिंग काढून रंगवणार की टेप लावून? टेपच्या कडेला पुढे रंग सोलून निघतो, आणि टेप नीट बसली नाही की बीडिंगच्या फटीत उडालेला रंग क्लेनेही निघत नाही. हे भाग काढून रंगवायला सांगा आणि तसं जॉब कार्डावर लिहून घ्या.